प्रॉग मेटलची पाटी लावून बघितली: एका बँडचं प्रकरण

प्रॉग रॉक (प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब आणि गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक) वाजवणाऱ्या एका बँडने जास्त खपतं म्हणून प्रॉग मेटलकडे, म्हणजे त्याच्याच जड गिटारवाल्या भावंडाकडे, वळून बघितलं, त्याचं हे प्रकरण. बँडमधल्या पाचही जणांनी हे आधी वाचलंय आणि टाकायला हरकत नाही म्हणालेत. बँडचं, गाण्यांचं, लेबलचं (म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं) कुणाचंच नाव देत नाहीये. माझा संबंध एवढाच की त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं मिक्सिंग मी केलं आणि त्या काळात जवळपास सगळ्या मीटिंगांना मी होतो, त्यामुळे कुठला निर्णय कुठे फिरला ते समोर बसून बघितलंय. त्यातली एक चूक माझी स्वतःची आहे, तीही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

गायिका, गिटार, बेस, ड्रम, कीबोर्ड असा पाच जणांचा बँड. पहिला अल्बम त्यांनी स्वतःच्या पैशाने काढला आणि तो अगदी सत्तरच्या दशकातल्या इंग्लिश प्रॉगच्या वळणाचा होता, म्हणजे हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉनचा (टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड) तो जरा खरखरीत कोरस, बारा तारांची गिटार आणि शेवटचं गाणं १९ मिनिटांचं. कीबोर्डवाला बँडचा कणा होता, गाण्याचा सांगाडा तोच आणायचा, गायिका त्यावर शब्द बसवायची. गिटारवाला आणि ड्रमर मात्र मेटल ऐकत वाढलेले, त्यांच्यासाठी प्रॉग म्हणजे आधी ड्रीम थिएटर आणि ओपेथ, येस आणि जेनेसिस त्यांनी नंतर मागे जाऊन ऐकलं. दोन वेगळ्या वाटांनी आलेली माणसं एका बँडमध्ये असली की फार छान गोष्टी होतात, पण पैशाचा प्रश्न आला की त्याच वाटा आडव्या येतात.

पहिला अल्बम घेणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. ते अल्बम अख्खा घ्यायचे, शक्यतो सीडी नाहीतर एलपी, आणि मग लांबलचक मेल लिहायचे की दुसऱ्या गाण्यातली अमुक सुरावट शेवटच्या गाण्यात उलटी होऊन येते ते लक्षात आलं, बरं वाटलं. असे श्रोते मिळायला नशीब लागतं. पण गिग मिळत नव्हते. फक्त प्रॉग रॉकचे असे फेस्टिव्हल मोजकेच, त्यात वरच्या ओळी जुन्या मोठ्या नावांना जातात आणि खालच्या एक-दोन जागांसाठी ही रांग. दोन वर्षांत त्यांचे शो हाताच्या बोटांवर मोजावे इतके झाले.

अशात एका छोट्या लेबलने दुसऱ्या अल्बमसाठी विचारलं. त्यांच्या माणसाने पहिल्याच कॉलवर सांगून टाकलं की प्रॉग रॉक आता खपत नाही, खपतो तो प्रॉग मेटल, तुमचा गिटारवाला तसा आहेच, गिटार जाड करा, ट्यूनिंग खाली आणा, बाकीचं आम्ही बघतो.

नेमका प्रश्न

त्या एका वाक्यावर पुढचं सगळं वर्ष गेलं, म्हणून ते वाक्य खरं आहे का हे आधी बघू. आम्ही तेव्हा बघितलं नाही. सगळ्यांनी मान डोलावली.

मोठे आकडे काढले तर ते वाक्य सरळ खोटं आहे. पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून १९७३ चा, त्याच्या साडेचार कोटींच्या आसपास प्रती गेल्या असं धरतात, आणि अमेरिकन अल्बम चार्टवर तो इतकी वर्षं चिकटून राहिला की दुसऱ्या कुठल्याच रॉक अल्बमला ते जमलेलं नाही. जेथ्रो टलचा १९७२ चा थिक अ‍ॅज अ ब्रिक म्हणजे एकच गाणं, एलपीच्या दोन्ही बाजू भरून, आणि तो अमेरिकेत एक नंबरला गेला होता. १९८२ मध्ये येस, किंग क्रिमसन आणि ईएलपी (इमर्सन, लेक अँड पामर) या बँडांमधून आलेल्या लोकांनी एशिया नावाच्या बँडचा त्याच नावाचा अल्बम काढला, तो अमेरिकेत नऊ आठवडे एक नंबरवर. प्रॉग मेटलमध्ये या उंचीचं फार काही नाही. क्वीन्सराइकचा एम्पायर १९९० चा, अमेरिकेत तीस लाखांच्या वर गेला. ड्रीम थिएटरचा इमेजेस अँड वर्ड्स १९९२ चा, तिथे गोल्ड झाला म्हणजे पाच लाख. आणि मग टूल हा बँड.

टूलपाशीच सगळी गणितं हलतात. २००१, २००६ आणि २०१९ असे तीन अल्बम ओळीने अमेरिकेत एक नंबरला, २०१९ च्या फिअर इनॉक्युलमचं टायटल साँग दहा मिनिटांच्या वर आणि तरी हॉट १०० मध्ये (अमेरिकेतल्या गाण्यांच्या मुख्य यादीत) आलं, तोपर्यंत त्या यादीत आलेलं ते सगळ्यात लांब गाणं होतं. आता टूलला प्रॉग मेटल म्हणायचं का? म्हटलं तर प्रॉग मेटल हा गेल्या पंचवीस वर्षांतला प्रॉगचा सगळ्यात मोठा धंदा आहे, आणि नाही म्हटलं, नुसता ऑल्टरनेटिव्ह मेटल म्हणून बाजूला ठेवलं, तर चित्र एकदम बारीक होतं. स्लीप टोकनचंही तेच, २०२५ मध्ये त्यांचा अल्बम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये एक नंबरला गेला पण त्यांना कुठल्या खणात टाकायचं यावर भांडणं चालूच आहेत. आणि रश? ते तर दोन्ही घरांचे पूर्वज. म्हणजे कोण जास्त लोकप्रिय या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कुणाला कुठल्या खणात टाकता त्यावर ठरतं, आणि अशा उत्तरावर कुणी आपला पुढचा अल्बम बेतू नये असं माझं ठाम मत आहे.

दुसरी एक गोष्ट आम्हाला फार उशिरा दिसली. दोन्हीकडचे मोठे हिट बघा. येसचं एकमेव अमेरिकन नंबर एक गाणं १९८३ च्या ९०१२५ मधलं, सुटसुटीत पॉप रॉक. जेनेसिसचं १९८६ चं इन्व्हिजिबल टच तसंच. मारिलियनचं 'केली' (Kayleigh) हे गाणं १९८५ मध्ये ब्रिटनमध्ये दोन नंबरला गेलं, ते सरळ प्रेमभंगाचं गाणं. आणि प्रॉग मेटलकडे क्वीन्सराइकचं सायलेंट ल्युसिडिटी, १९९१ मध्ये हॉट १०० वर नऊ नंबर, ते तर ऑर्केस्ट्रा घातलेलं संथ गाणं, त्यात मेटल औषधालाही नाही! म्हणजे रेडिओने जेव्हा जेव्हा उचललं तेव्हा दोन्ही घरांनी आपलं ठेवणीतलं बाजूला ठेवलं होतं. ड्रीम थिएटरचं पुल मी अंडर हा त्यातला खरा अपवाद, आठ मिनिटांचं गाणं, चांगलं जड, आणि रॉक रेडिओच्या यादीत पहिल्या दहात.

आता या बँडपुरता खरा प्रश्न वेगळाच होता. पिंक फ्लॉइड किती खपतं याचा त्यांना काय उपयोग, तो पैसा पन्नास वर्षांपूर्वी रेकॉर्ड झालेल्या अल्बमना जातो. त्यांना बघायचं होतं की आज नवीन बँडला वर चढायला शिडी कुठल्या बाजूला आहे. आणि शिडी मेटलच्या बाजूला आहे हे मला मान्य आहे. मेटलचे मोठे उन्हाळी फेस्टिव्हल आहेत, वाकन आहे, हेलफेस्ट आहे, तिथे थ्रॅशवाल्याच्या (वेगवान, आक्रमक मेटल) नंतर ओपेथ वाजवतात आणि कुणाला वावगं वाटत नाही. प्रॉग मेटलवाला मेटलच्या मांडवात शिरू शकतो. प्रॉग रॉकवाल्याला मात्र शेजारचा मांडवच नाही, साध्या रॉक फेस्टिव्हलला त्याची २० मिनिटांची गाणी चालत नाहीत. शिवाय मेटलमध्ये एका टूरवर तीन-चार बँड घेऊन फिरायची पद्धत आहे, ड्रीम थिएटरने २००८ मध्ये प्रोग्रेसिव्ह नेशन नावाने तशीच टूर काढली होती, ओपेथ आणि बिटवीन द बरीड अँड मी बरोबर होते. आणि मेटल ऐकणाऱ्यात वाजवणारे भरपूर, रिफ (गिटारवर परत परत येणारी छोटी चाल) शिकणार, व्हिडिओ टाकणार, ड्रीम थिएटरच्या गिटारवाल्या पेट्रुचीच्या नावाची गिटार विकत घेणार. काळा टीशर्ट घेणार तो वेगळाच.

हे सगळं खरं असलं तरी त्यातली एकही गोष्ट गिटारच्या ट्यूनिंगमध्ये नाहीये. हे एक वाक्य तेव्हा खोलीत कुणीतरी बोलायला हवं होतं.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय, आहे तसंच राहायचं, लेबलला नाही म्हणायचं आणि जुन्या श्रोत्यांकडून आगाऊ ऑर्डर घेऊन अल्बम काढायचा. यात नवीन काही नव्हतं, मारिलियनने २००१ मध्ये बारा हजारांच्या वर लोकांकडून आधी पैसे घेऊन मगच अल्बम रेकॉर्ड केला होता. कीबोर्डवाल्याचं मत इकडे. अडचण ही की मारिलियनकडे ऐंशीच्या दशकातल्या हिट गाण्यांचा साठा होता आणि यांच्याकडे काही शे मेल.

दुसरा, पूर्ण मेटल व्हायचं. सात तारांची गिटार, जमलं तर एखाद्या ठिकाणी ग्रोल, म्हणजे घशातून गुरगुरत गाणं. ड्रमर तयार होता, गायिका अजिबात नाही.

तिसरा मधला, सहापैकी दोन गाणी जड करायची, त्यातलं एक सिंगल म्हणून प्रॉग मेटलच्या नावाने सोडायचं, अल्बम बाकी जसाच्या तसा.

चौथा पर्याय बेसवाल्याने मांडला आणि त्यावर पाच मिनिटंही चर्चा झाली नाही. तो म्हणाला संगीताला हात लावू नका, फक्त मेटल बँडच्या आधी वाजवायला मिळतं का ते बघा. तो कमी बोलतो, त्यामुळे विषय तिथेच राहिला. याची मला अजून चुटपुट आहे.

त्या मीटिंगला कीबोर्डवाल्याने रशचं उदाहरण दिलं होतं, १९७५ चा अल्बम पडला, कंपनी म्हणाली छोटी गाणी करा, आणि त्यांनी १९७६ मध्ये एक अख्खी बाजू भरून २११२ नावाचं गाणं केलं आणि तेच चाललं. त्यावर गिटारवाल्याने ड्रीम थिएटरच्या १९९७ च्या अल्बमचं उदाहरण काढलं, तिथे कंपनीच्या दबावात रेडिओसाठी तडजोड केली, बँड मोडायला आला होता, पण त्यानंतर १९९९ च्या अल्बमला हवं ते करायला मिळालं ना, म्हणजे तडजोड करून पुढे जाता येतं. एकाच प्रकारच्या गोष्टीतून दोघांनी दोन उलटे अर्थ काढले. शेवटी तिसरा पर्याय ठरला, कारण त्यात कुणालाच पूर्ण हरल्यासारखं वाटत नव्हतं.

काय केलं

सिंगलसाठी ११ मिनिटांचं एक गाणं घेतलं आणि पाच मिनिटांवर आणलं. गिटार सात तारांची, सगळ्यात खालची तार ए ला.

इथे जरा सविस्तर सांगतो कारण खरा घोळ इथे झाला. साध्या गिटारची खालची ई म्हणजे साधारण ८२ हर्ट्झ. सात तारांवर ए पर्यंत उतरलात की ५५ हर्ट्झ, म्हणजे बेस गिटारची ए ची तार जिथे वाजते नेमकं तिथेच. त्यावर डिस्टॉर्शन चढवलं, दोन्ही बाजूंना दोन-दोन वेळा वाजवून पसरवलं की खालचा आणि मधला सगळा पट्टा गिटारच खाऊन टाकते. आणि या बँडचं जे काही वेगळेपण होतं ते त्याच पट्ट्यात होतं, कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात. तो हॅमंडवर डाव्या हाताने बेसच्या विरुद्ध चाल चालवायचा, पहिल्या अल्बमचं सगळं हलणं-डुलणं त्यामुळे होतं. मिक्समध्ये तो डावा हात ऐकूच येईना. मी गिटार कापून बघितली, ऑर्गन वर उचलून बघितला, काही केल्या बसेना, आणि मग मीच सुचवलं की डावा हात काढून टाक, वरच्या सप्तकात नुसता लांब सूर धर. त्याने एक शब्द न बोलता तसं वाजवलं. टेक पहिल्याच फेरीत ओके झाला. त्या दिवशी मला वाटलं प्रश्न सुटला.

माझी चूक म्हणतो ती याच्या पुढची. सिंगल इतर प्रॉग मेटल गाण्यांच्या शेजारी लावल्यावर बारीक वाटू नये म्हणून मी मास्टरिंगला जाताना ते खूप दाबलं, आवाज वर आणला. त्यामुळे मधला जो हळू भाग होता, नुसती गायिका आणि मेलोट्रॉन, तो जड भागाइतकाच मोठा झाला. हळू भाग हळू राहिला नाही की त्याच्यानंतर येणाऱ्या रिफलाही काही अर्थ राहत नाही.

सिंगल प्रॉग मेटलच्या नावाने सोडलं, लेबलने त्यांच्या ओळखीने दोन-तीन प्लेलिस्टमध्ये घातलं, आणि पहिल्या आठवड्यात आकडे खरंच पळाले, पहिल्या अल्बमच्या कुठल्याही गाण्याला कधी मिळाले नव्हते इतके. सगळे खूश. मग आलेखात आत जाऊन बघितलं तर लोक एका ठरावीक जागी गाणं सोडत होते, रिफ थांबून मेलोट्रॉन सुरू होतो तिथे. आणि जे पुढे टिकले त्यातले फार थोडे बँडचं दुसरं काही ऐकायला गेले. प्लेलिस्टवरचा माणूस प्लेलिस्ट ऐकत असतो, बँड नाही, हे तेव्हा कळलं.

जुन्या लोकांची मेलही आली. आम्हाला वाटलं होतं की ते म्हणतील मेटल का केलं. एक-दोघे तसं म्हणाले पण, पण बाकीच्यांची तक्रार वेगळी होती, ती अशी की आवाज गुदमरलाय, ऑर्गन कुठे गेला, पहिल्या अल्बमसारखा श्वास नाही. जडपणाशी त्यांचं वाकडं नव्हतंच. त्यातल्या एकाने लिहिलं होतं की मी किंग क्रिमसनचा रेड १९७४ मध्ये आला तेव्हा विकत घेतलाय, मला जड संगीताची सवय आहे, तुमचं जड नाहीये, तुमचं सपाट आहे. ते वाक्य मी कागदावर उतरवून स्पीकरच्या मागे भिंतीला चिकटवलंय.

कीबोर्डवाला याच सुमारास बँड सोडून गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. एक मेल केली की या गाण्यांत मला करायला काही उरलं नाहीये, अल्बमची बाकीची चार गाणी पूर्ण करून देतो आणि थांबतो.

त्यानंतर लेबलच्याच ओळखीने एका बऱ्यापैकी जड बँडच्या आधी वाजवायचे तीन शो मिळाले. कीबोर्डसाठी तात्पुरता एक मुलगा घेतला. पहिल्या रात्री सेटमध्ये दोन्ही जड गाणी पुढे ठेवली, आणि लोक उभे होते, मान हलवत होते, वाईट काहीच नव्हतं, पण तासाभराने मुख्य बँडने पहिला रिफ वाजवला आणि फरक हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत कळला. ते रोज तेच करतात, त्यांच्या हाताला ते आहे. आमचं शिकून आलेलं वाटत होतं.

दुसऱ्या रात्री गायिकेने सेट बदलला. कुणाला विचारलं नाही. नऊ मिनिटांचं एक संथ गाणं, ज्यात जड म्हणावं असं काही शेवटच्या दोन मिनिटांत येतं, ते तिने पहिलं ठेवलं. मी साउंड डेस्कला होतो, मला वाटलं लोक बारकडे जाणार. कुणी हललं नाही. पाचव्या-सहाव्या मिनिटाला हॉल इतका शांत झाला की मॉनिटरची (स्टेजवरच्या स्पीकरची) घरघर ऐकू येत होती. नंतर विचार केला तर ते साहजिक होतं, ओपेथ ऐकणारा माणूस पंचवीस वर्षं शांत भागाची वाट बघायला शिकलाय, त्यांचा २००३ चा डॅमनेशन तर पूर्ण अल्बमच शांत आहे. मेटलवाल्यांना हळू चालत नाही हा समज आमचा होता, त्यांचा नव्हता.

शो संपल्यावर टेबलवर टीशर्ट गेले, आणि मग एकामागून एक लोक येऊन विचारायला लागले की ते पहिलं लांब गाणं कशावर आहे. ते कशावरच नव्हतं. लेबलने ते अल्बम येईपर्यंत राखून ठेवलं होतं, ऐकायला फक्त ते दाबलेलं सिंगल होतं. विशीतली एक मुलगी पहिल्या अल्बमची एलपी हातात धरून बराच वेळ मागची बाजू वाचत उभी होती, मग म्हणाली हे त्याच्यासारखं आहे का? गायिका म्हणाली हो. तिने ती घेतली. त्या रात्री गेलेल्या एलपी पहिल्या अल्बमच्याच होत्या, ज्याला प्रॉग मेटल कुणीही म्हणणार नाही.

मधलं वळण

तिसऱ्या शोनंतर गाडीतच ठरलं की अल्बम थांबवायचा. तारीख पुढे ढकलायची म्हणजे छापखान्याचा एलपीचा नंबर जातो, लेबल वैतागलं आणि त्यांनी प्रचाराचे पैसे कमी केले, त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं.

दोन जड गाण्यांपैकी सिंगलचं ११ मिनिटांचं मूळ रूप परत आणलं, कीबोर्डवाल्याला विनंती केली की तेवढं एक गाणं येऊन वाजव, आणि तो आला. डावा हात परत आला. दुसरं जड गाणं मात्र तसंच ठेवलं, कारण ते मुळात ड्रमरने जड म्हणूनच लिहिलेलं होतं, त्यात ऑर्गनची जागा आधीच सोडलेली होती, ते कुणावर लादलेलं नव्हतं. मास्टरिंग परत केलं, या वेळी दाबलं नाही.

काय झालं

अल्बम आला. स्ट्रीमिंगचे आकडे सिंगलच्या त्या आठवड्याच्या जवळपासही परत कधी गेले नाहीत, पहिल्या अल्बमपेक्षा थोडे बरे, इतकंच. एलपी आणि सीडी मात्र पहिल्यापेक्षा लवकर संपल्या आणि पत्ते बघितले तर त्या शोंच्या शहरांतून चांगल्याच ऑर्डर होत्या. मेटल बँडच्या आधी वाजवायची आणखी बोलावणी आली, त्यातली दोन त्या मुख्य बँडच्याच शिफारशीने. कीबोर्डवाला परत आला नाही, रेकॉर्डिंगला येतो, बँडमध्ये नाही. लेबलने तिसऱ्या अल्बमसाठी विचारलं नाही.

हे यश की अपयश यावर आमच्यातच एकमत नाही. ड्रमर म्हणतो पूर्ण मेटल केलं असतं तर आज टूरवर असतो, आणि तो चूक आहे हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. गायिका म्हणते एक माणूस गमावला त्याचा हिशेब कुठल्याच आकड्यात येत नाही. मी गायिकेच्या बाजूने आहे.

परत ठरवायची वेळ आली तर

पहिल्या कॉलनंतर लेबलच्या माणसाला एकच प्रश्न विचारायला हवा होता, की प्रॉग मेटल खपतो म्हणजे त्यातलं नेमकं काय खपतं. तिकिटं, टीशर्ट, एलपी, की नुसते आकडे? तो प्रामाणिक माणूस होता, त्याने सांगितलं असतं. आणि मग बेसवाल्याचा चौथा पर्याय आपोआप टेबलवर आला असता, कारण बँडला मेटलकडून हवं होतं ते स्टेज आणि रांगेत उभे राहणारे लोक, आणि ते जड न होताही मिळू शकत होतं.

सिंगलची निवड दुसऱ्या रात्रीच्या आधी करायलाच नको होती. आधी चार-पाच शो, मग कुठल्या गाण्याला हॉल शांत होतो ते बघून सिंगल, मग अल्बम. आम्ही बरोबर उलटं केलं. आणि जे गाणं वाजवणार ते त्या रात्री ऐकायला उपलब्ध पाहिजे, लेबलने कितीही राखून ठेवायचं म्हटलं तरी. टेबलपाशी येऊन विचारणारा माणूस आठवड्याने परत विचारत नाही.

जड करायचं की नाही याची परीक्षा आता मी वेगळ्या रीतीने घेतो. स्टीव्हन विल्सनने आपला बँड पॉर्क्युपाइन ट्री २००२ च्या इन अ‍ॅब्सेन्शियापासून जड केलं तेव्हा तो स्वतः ओपेथबरोबर काम करून आला होता, त्यांचा ब्लॅकवॉटर पार्क हा अल्बम त्याने प्रोड्यूस केलेला, ते जड त्याच्या कानातून आलं होतं. उलट ओपेथने २०११ मध्ये हेरिटेजवर ग्रोल पूर्ण बंद केलं, अर्धे चाहते चिडले, बँड तेरा वर्षं तसाच राहिला आणि २०२४ ला वाटलं तेव्हा ग्रोल परत आणलं. दोघेही बाजाराच्या उलट-सुलट गेले आणि दोघेही टिकले. म्हणून मी आता बँडला विचारतो की हा रिफ कुणी आणला, आणि खोलीतल्या कुणाचंच नाव आलं नाही तर तो काढायला सांगतो.

आणि माझ्यापुरतं, कुणाचा डावा हात काढायला सांगायच्या आधी मी गिटार एक सप्तक वर वाजवून बघतो. त्या सिंगलचे जुने ट्रॅक माझ्याकडे आहेत, मागच्या महिन्यात करून बघितलं. तेच रिफ, साध्या ट्यूनिंगवर, बाजूला दोनच गिटार. ऑर्गन पूर्ण ऐकू येतो आणि गाणं जडही वाटतं. फाइल कीबोर्डवाल्याला पाठवलीय.